गळतंय

सुया टोचायच्या आधी डॉक्टर मियाओनं
मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं:
आजी, आशा ठेवा, पण मोजून ठेवा.
गुठळी विरघळली ती त्या रात्रीच्या इंजेक्शननं,
तुम्ही उशीर केलात तरी.
रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालूच राहतील,
व्यायाम चुकवायचा नाही.
सुई ही गाडी मागून ढकलणारी,
ओढणारी नव्हे.
इतकं स्वच्छ बोलणारं माणूस
दवाखान्यात मला पहिल्यांदाच भेटलं.
मी लगेच पैसे भरले.

हार्बिन. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा.
खिडक्यांच्या फटींना कागदी पट्ट्या लावायच्या राहिल्यात,
जिन्यात चाळीस कोबी सुकत पडलेत, आंबवायचे म्हणून,
आणि एकतीस वर्षं या शहराच्या पाइपांतून
गरम पाणी फिरवणारा माझा नवरा
उजवा हात उशीवर ठेवून पडलाय,
परक्यानं सांभाळायला दिल्यासारखा.

शब्द सगळे गेले. एकच मागं राहिला.
जेवलास का?
गळतंय.
मी कोण?
गळतंय.
शनयांगहून नातीचा फोन आला,
तिलाही, अगदी लाडानं, गळतंय.
ती रडायला लागली.
म्हटलं, अगं शब्द सोड, सूर ऐक,
सूर तुझ्याच नावाचा आहे.

मियाओ टाळूवर सुई फिरवते, विचारते:
ठणकतंय? मुंग्या येतायत? जड वाटतंय?
तो काय सांगणार, ते आम्हा तिघांनाही माहीत.
तरी ती थांबते, पुरतं ऐकून घेते,
मग वहीत काहीतरी लिहिते.
शेजारच्या खाटेवरच्या छ्वी आजी
सुयांसकट झोपतात, घोरतात,
आणि घोरण्याच्या तालावर
त्यांच्या डोक्यावरचं ते बारीक गवत हलतं.

एकदा बारा टोचल्या, अकरा निघाल्या.
मियाओचा चेहरा पांढराफटक.
बारावी मला सापडली, कानामागं,
चाळीस वर्षांपूर्वी मी जिथं बोट फिरवायची
नेमकी तिथं.

भिंतीवर मेंदूचं चित्र आहे,
लाल आणि निळ्या नळ्यांचं.
तो तासन्‌तास त्याच्याकडे बघत असतो.
लोकांना वाटतं शून्यात बघतोय.
मला कळतं,
तो व्हॉल्व्ह शोधतोय.

विसाव्या तारखेला इमारतीत उष्णता सोडली.
पाइप आधी कण्हले, मग कुडकुडले.
आमचा रेडिएटर खालून ऊन, वरून गार.
तो काठी टेकत उठला,
डाव्या हातानं खण उघडून
ती चौकोनी किल्ली काढली
आणि उजव्या हातात दिली.

बोटं मिटली. उघडली. किल्ली पडली.
परत.
मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.
मध्ये हात घालायचा नाही, असं मियाओनं बजावलं होतं.
सगळ्यांत कडू औषध
तिनं मलाच दिलं होतं.
चौथ्या वेळी किल्ली बसली.
पाव फेरा. त्याहूनही कमीच.
सुस्स करून कोंडलेली हवा सुटली, कितीतरी वेळ सुटत राहिली,
मग तांबूस पाण्याचा एक थेंब
फरशीवर.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
गळतंय, म्हणाला.

हो, म्हटलं.
गळतंय.
आणि वाडगा आणायला स्वयंपाकघरात गेले,
तिथं जरा जास्तच वेळ लागला मला.

सुईनं झालं, की गोळीनं,
की फक्त जुन्या ओळखीच्या त्या लोखंडानं?
बुधवारी मियाओला विचारलं.
मला नाही सांगता येणार, ती म्हणाली,
आणि मोठ्यानं मोजत बसली:
नऊ, दहा, अकरा, बारा.

व्हॉल्व्ह पुरता बंद झालेला नाही अजून.
सकाळपर्यंत वाडगा अर्धा भरतो.
मला येतो बंद करता.
मी फक्त पाणी ओतून
वाडगा परत ठेवते.